धैर्यवानांचं इंग्रजी परीक्षण

रमाकांत पेडणेकरचा फोटो छापून आला त्या सकाळी मनमोहन धैर्यवान शिवाजी पार्कची फेरी अर्धवट टाकून घरी परतले. पाय दुखतोय, असं त्यांनी बायकोला सांगितलं. "कुठला?" असं वासंतीबाईंनी विचारल्यावर मात्र ते क्षणभर विचारात पडले.

आता, कोणाचा फोटो छापून येण्याला मनमोहनरावांचा तत्त्वतः विरोध नव्हता. माणूस वारला की छापावा, हरवला तरी छापावा. पेडणेकरच्या बाबतीत यांपैकी काहीही घडलं नव्हतं. 'द दादर डिस्पॅच' नावाचं एक इंग्रजी पाक्षिक त्या भागात घरोघरी फुकट टाकलं जाई. निम्म्या पानांत गुडघे बदलून देणाऱ्या डॉक्टरांच्या जाहिराती आणि उरलेल्या निम्म्यात, गुडघे चांगले असताना काय काय करावं, याची माहिती. त्याच्या पाचव्या पानावर पेडणेकर हनुवटीखाली मूठ धरून बसला होता. वर लिहिलं होतं, 'अवर फिल्म क्रिटिक'. खाली एका सिनेमाचं इंग्रजी परीक्षण आणि साडेतीन तारे.

हा पेडणेकर डिलाईल रोडचा. विमा कंपनीत मनमोहनरावांच्या हाताखाली होता. स्वतःच्या लग्नाच्या रजेचा अर्ज त्याने 'काइंडली डू द नीडफुल' असा संपवला होता आणि मनमोहनरावांनी तो लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवला होता. मुहूर्त टळता टळता राहिला, पण वाक्य सुधारलं. पुढे निवृत्त झाल्यावरही पेडणेकर पार्कात फिरायला येई आणि मनमोहनराव दिसले की हात जोडून "सर" म्हणे. ठाकूरद्वारच्या धैर्यवानांच्या घराण्यात इंग्रजी चार पिढ्या नांदत होतं. ते आता डिलाईल रोडला जाऊन राहिलं, हे मनमोहनरावांना कसं सहन व्हावं?

त्यात वासंतीबाईंनी चहा घेता घेता ते परीक्षण वाचलं.

"किती छान लिहिलंय हो पेडणेकरांनी. सगळं कळतं."

हे 'कळतं' मनमोहनरावांना फार लागलं. त्यांचं स्वतःचं इंग्रजी कोणाला कळत नसे, हीच तर त्याची प्रतिष्ठा होती. त्यांनी लिहिलेलं पत्र वाचून भले भले विमेदार 'आपला क्लेम मंजूर झाला की नाही' हे विचारायला वकिलाकडे जात.

"सिनेमाचं परीक्षण काय, कोणीही लिहील," ते म्हणाले.

"मग लिहा की," वासंतीबाई म्हणाल्या आणि कपबशा उचलून आत गेल्या.

झालं. वास्तविक हा प्रकार तिथेच संपायचा. पण बायकोने 'लिहा की' म्हटल्यावर न लिहिणारा पुरुष अजून जन्माला यायचा आहे. मनमोहनरावांनी टीव्हीवर लागलेला एक सिनेमा शेवटपर्यंत पाहिला आणि लिहायला बसले. पहिलं वाक्य झरकन उतरलं: 'द अंडरसाइन्ड हॅज हॅड द ऑकेजन टू व्ह्यू द कॅप्शन्ड फिल्म.' पुण्याला असलेल्या मुलीला, वल्लरीला, त्यांनी ते फोनवरून वाचून दाखवलं.

"बाबा, हे परीक्षण आहे की क्लेम नाकारल्याचं पत्र?"

"शैली आहे ती."

"हल्ली असं नाही चालत. न्युआन्स्ड म्हणा, लेअर्ड म्हणा."

"लेअर्ड म्हणजे?"

"म्हणजे थर असलेला."

"चिरोट्यासारखा," वासंतीबाईंनी शेजारून खुलासा केला.

मनमोहनरावांनी दोन्ही शब्द लिहून घेतले. पण कुठल्या सिनेमाला थर आहेत आणि कुठल्याला नाहीत, हे कसं ओळखायचं? तळमजल्यावरच्या मीनाक्षीबाई शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या. जिन्यात भेटल्या तेव्हा मनमोहनरावांनी अगदी आडून विचारलं, की समजा एखाद्याला परीक्षण लिहायचं असेल, तर.

"कोणाला? तुम्हाला?"

"एका परिचितांना."

"मग तुमच्या परिचितांना सांगा, मध्यंतरापर्यंतची गोष्ट सांगायची, पुढची नाही. नदीचा उगम सांगायचा, मुख सांगायचं नाही."

"मग ती समुद्राला मिळते हे लोकांना कळणार कसं?"

"जातील आणि बघतील की! तिकिटं कशाला असतात?" मीनाक्षीबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पार्कातली निम्मी मंडळी मनमोहनरावांना "परिचित काय म्हणतात?" असं विचारत होती.

अशात दादरच्या एका जुन्या वाचनालयाच्या फळ्यावर त्यांना जाहिरात दिसली. 'इंग्रजीतून चित्रपट-परीक्षण कसे लिहावे? दोन रविवारची कार्यशाळा. मार्गदर्शक: ख्यातनाम समीक्षक.' मनमोहनरावांनी आजूबाजूला पाहिलं आणि आत शिरले.

आत बाबुराव नावाचे कारकून बसले होते. मनमोहनरावांनी वळणदार अक्षरात इंग्रजी अर्ज लिहून पुढे केला. बाबुरावांनी तो तितक्याच वळणदारपणे परत केला.

"अर्ज मराठीत पाहिजे."

"अहो, वर्ग इंग्रजीचा आहे ना?"

"वर्ग इंग्रजीचा आहे. संस्था मराठी आहे."

मराठीत लिहिला. मग हेतूचा प्रश्न निघाला. मनमोहनरावांनी 'ज्ञानार्जन' असं लिहिलं होतं.

"असं नाही चालत. उपजीविका की छंद? दोनच चौकोन आहेत, एकावर खूण करा."

मनमोहनराव बराच वेळ पेन धरून उभे राहिले. मत्सराला चौकोन नव्हता. शेवटी त्यांनी 'छंद' वर खूण केली.

"पण एकेकट्यांच्या जागा भरल्या," अर्ज पूर्ण झाल्यावर बाबुराव म्हणाले. "जोडप्याची एक शिल्लक आहे."

"परीक्षणाला जोडपं कशाला लागतं?"

"गेल्या वर्षी बॉलरूम डान्सचा वर्ग होता. कार्यकारिणीचा ठराव तोच चालू आहे. बदलायचा तर सर्वसाधारण सभा बोलवावी लागेल."

सर्वसाधारण सभेपेक्षा वासंतीबाईंना बोलावणं सोपं होतं.

"मला कशाला हो?" त्या म्हणाल्या. "रविवारी दुपारी मी जरा पडते."

"तू तिथे पड. नुसतं बसायचं. ठरावासाठी."

रविवारी मनमोहनराव इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून, नवं पेन घेऊन पहिल्या रांगेत जाऊन बसले. वासंतीबाई मागे पंख्याखाली बसल्या. बाजूला तरुण मुलंमुली, दोन बँकवाल्या बाया, एक निवृत्त फौजदार. मार्गदर्शक आले की त्यांना आपल्या घराण्याच्या इंग्रजीची थोडी कल्पना द्यावी, असा मनमोहनराव विचार करत होते, तोच दार उघडलं आणि खांद्याला झोळी लावलेला रमाकांत पेडणेकर आत आला.

पळून जायला दुसरं दार नव्हतं. मनमोहनरावांनी मान खाली घालून पेनचं टोपण निरखायला सुरुवात केली. पण पेडणेकरची नजर रेकॉर्ड सेक्शनमध्ये तयार झालेली होती.

"सर! तुमी?"

"हो, म्हणजे," मनमोहनरावांच्या तोंडून निघून गेलं, "म्हटलं, बघून यावं तुमचं कसं काय चाललंय."

एवढ्या एका वाक्याने त्यांचा घात केला. पेडणेकरचे डोळे भरून आले.

"माका बघूक इलात!" उमाळा आला की पेडणेकरच्या तोंडी घरची भाषा येई. तो वर्गाकडे वळला. "मंडळी, हे धैर्यवान सर. माझ्या इंग्रजीवर पहिली लाल शाई यांची. आजचे प्रमुख पाहुणे हेच. सर, वर या."

"नको, नको, मी इथेच बरा आहे."

"ह्या चलायचा नाय, सर."

वाचनालयाच्या कपाटात असल्या आकस्मिक प्रसंगासाठी एक शाल कायम तयार असे. बाबुराव ती घेऊन आले, पण मनमोहनरावांच्या खांद्यावर घालताना थबकले. "पण हे तर विद्यार्थी आहेत. यांची पावती..." मनमोहनरावांनी अशा नजरेने पाहिलं की बाबुरावांनी उरलेलं वाक्य शालीबरोबर त्यांच्या खांद्यावर टाकलं.

अशा रीतीने, परीक्षण शिकायला गेलेले मनमोहन धैर्यवान व्यासपीठावर जाऊन बसले. फळा त्यांच्या पाठीमागे होता. पेडणेकर खडूने भराभर काहीतरी लिहीत होता, समोरचे सगळे उतरवून घेत होते, आणि मनमोहनरावांना दिसत होते ते फक्त उतरवून घेणाऱ्यांचे शेंडे. मान वळवून फळ्याकडे बघणं प्रमुख पाहुण्याला शोभत नाही. टिपणं काढणं तर त्याहून नाही. शालीमुळे घाम येत होता. पंखा वासंतीबाईंवर होता आणि त्या, ज्या नुसत्या बसायला आल्या होत्या, त्या खाली मान घालून लिहीत होत्या. मध्येच त्यांनी हात वर केला आणि काहीतरी विचारलं. पेडणेकर म्हणाला, "वा, वहिनी! हा प्रश्न मला दोन वर्षांनी सुचला होता." मनमोहनरावांना घरात इतक्या वर्षांत वासंतीबाईंनी विचारलेला एकही प्रश्न आठवेना. पाय कुठला दुखतो, एवढाच काय तो.

शेवटी पेडणेकरने गृहपाठ दिला. परळच्या मल्टिप्लेक्सला दीपगृहाच्या रखवालदारावर एक गंभीर सिनेमा लागला होता. डिस्पॅचमध्ये त्याने त्याला चार तारे दिले होते. सगळ्यांनी तो पाहून परीक्षण लिहायचं, नाव न घालता, फक्त क्रमांक घालून. सगळ्यांत चांगलं परीक्षण डिस्पॅचमध्ये छापून येणार.

"आणि परीक्षक," पेडणेकर म्हणाला, "अर्थातच आमचे सर."

टाळ्या झाल्या. मनमोहनरावांनी शाल सावरून त्या स्वीकारल्या. आता त्यांना स्वतः परीक्षण लिहिण्याचीही सोय उरली नव्हती.

घरी येताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय काय लिहून घेतलंस गं?"

"तुम्ही वरच होतात की."

"हो, पण तुला कितपत समजलं ते बघायचं होतं."

"समजलं मला," वासंतीबाई म्हणाल्या आणि पर्सची चेन लावून टाकली.

परळला ते दोघं दुपारच्या खेळाला गेले. परीक्षकाने सिनेमा पाहिलेला असावा, असं मनमोहनरावांचं प्रामाणिक मत होतं. अंधार झाल्याबरोबर त्यांनी मांडीवर पॅड घेतलं आणि मोबाइलची बॅटरी लावली. पडद्यावर अथांग काळोखा समुद्र होता. मागच्या रांगेतून आवाज आला, "ओ काका, दीपगृह पडद्यावर आहे. तुम्ही बंद करा." लोक हसले. मनमोहनरावांचा अपमान झाला. त्यांनी बॅटरी बंद केली आणि निषेध म्हणून काहीच लिहिलं नाही. मध्यंतरात त्यांनी समोसा खाल्ला. त्यानंतर रखवालदार जिना चढू लागला. तो चढत राहिला. दिवे लागले तेव्हा लोक बाहेर पडत होते.

"मेला का गं तो?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही पाहिलं नाहीत?"

"पाहिलं ना. तुझं मत विचारतोय."

वासंतीबाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग त्यांच्या मांडीवरून घसरलेलं पॅड उचलून दिलं आणि म्हणाल्या, "चला, सांभाळून उतरा."

दुसऱ्या रविवारी टाइप केलेल्या परीक्षणांचा गठ्ठा मनमोहनरावांच्या हातात आला. मोठ्याने वाचून तिथल्या तिथे निकाल द्यायचा होता. पहिल्याने सिनेमाला न्युआन्स्ड म्हटलं होतं आणि चार तारे दिले होते. दुसऱ्याने लेअर्ड म्हटलं होतं आणि चार तारे दिले होते. फौजदारांचं परीक्षण नाव नसूनही ओळखू आलं, इतकं पंचनाम्यासारखं होतं, पण तारे चारच. जो तो पेडणेकरचीच री ओढत होता, आणि पेडणेकर कोपऱ्यात उभा राहून कौतुकाने मान डोलवत होता. एक मुलगी तर 'ॲज मिस्टर पेडणेकर ब्रिलियंटली ऑब्झर्व्ह्ज' म्हणून मोकळी झाली. मनमोहनरावांनी तो कागद गठ्ठ्याच्या अगदी तळाशी सरकवला.

मग क्रमांक सातचा कागद आला. इंग्रजी साधं होतं, शाळेतल्या मुलालाही कळेल असं. तारे दोन. मनमोहनरावांचा आवाज चढला. पेडणेकरच्या चार ताऱ्यांतले दोन कोणीतरी उघड उघड उपटले होते! त्यांनी ते ठासून वाचायला घेतलं. त्याचा मराठीत मथितार्थ असा होता:

'दिग्दर्शकाला एकटेपणा दाखवायचा आहे, म्हणून तो रखवालदाराला सारखा जिना चढायला लावतो. मी त्या माणसासाठी रडायचा फार प्रयत्न केला. जमलं नाही. जिना तेवढा लक्षात राहिला.'

"वा!" मनमोहनराव वाचता वाचता म्हणाले. पेडणेकरची मान डोलायची थांबली होती.

'माझ्या शेजारचे गृहस्थ मध्यंतरानंतर झोपी गेले.'

मनमोहनरावांना हसू आवरेना. "असे गृहस्थ असतात हं!" ते सभेला म्हणाले. "थिएटरात येतात कशाला, कोण जाणे!" सभाही हसली. ते पुढे वाचू लागले.

'झोपेतसुद्धा त्यांचं गळ्याजवळचं बटण लावलेलंच होतं. हातात पेन उघडं होतं आणि मांडीवरच्या कागदावर एक अक्षर नव्हतं. लिहून दाखवायचं खूप होतं, पण कोणाला विचारायचं हे त्यांना कळत नव्हतं. एकटेपणा मला तिथे दिसला. पडद्यावर नाही. दोन तारे. एक समुद्राला आणि एक शेजारच्या खुर्चीला.'

सभेत कोणी हसलं नाही. एका बँकवाल्या बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. मनमोहनरावांनाही वाईट वाटलं. कोण बिचारा गृहस्थ असेल! त्यांनी कागद उंच धरला.

"पहिला क्रमांक, निर्विवाद, सात. याला परीक्षण म्हणतात, पेडणेकर! सात नंबर कोण आहेत? उभे राहा."

पंख्याखालून वासंतीबाई उभ्या राहिल्या.

"जोडप्याच्या कोट्यातल्या," बाबुरावांनी दारातून माहिती पुरवली.

मनमोहनरावांनी हात नकळत गळ्याजवळ नेला. बटण लावलेलं होतं. सभेने ते पाहिलं आणि मग जो काही हशा उसळला, तो खाली रस्त्यावर ऐकू गेला असावा.

रस्ताभर ते वासंतीबाईंच्या दोन पावलं मागून चालत आले. जिना चढून झाल्यावर दाराशी किल्ली शोधताना मात्र त्यांनी विचारलं, "मी एकटा वाटतो तुला?"

"झोपेत. जागेपणी तुम्ही फार बोलता."

"आणि इंग्रजी? ते कधी शिकलीस?"

"तुम्ही ऑफिसची पत्रं मला मोठ्याने वाचून दाखवायचात ना? त्यात जे जे असायचं ते मी काढून टाकलं. उरलं ते लिहिलं."

मनमोहनरावांनी दार उघडून त्यांना आधी आत जाऊ दिलं.

डिस्पॅचमध्ये वासंतीबाईंचं परीक्षण फोटोसकट आलं. हनुवटीखाली मूठ वगैरे काही नव्हती. त्या सरळ समोर बघत होत्या. संपादकांना इतकी पत्रं आली, की पुढच्या अंकापासून त्यांनी सदरच वासंतीबाईंना दिलं. आता त्या दर शुक्रवारी परळला जात. शेजारची खुर्ची मनमोहनरावांची असे, आणि ते टक्क जागे असत. कारण कुठला सिनेमा पडेल आणि आपण छापून येऊ, याचा नेम नव्हता. पार्कात लोक आता त्यांना थांबवून नमस्कार करत. "हे वासंतीताईंचे मिस्टर," असं एकमेकांना सांगत आणि बटणाकडे बघत. मीनाक्षीबाई म्हणाल्या, "तुमच्या परिचितांनी नाव काढलं हो!" मनमोहनराव हसत, आणि घरी येऊन वासंतीबाईंच्या लेखातली विरामचिन्हं तपासत बसत. चुकीचं एकही सापडत नसे. त्यामुळे दिवस वाईट जाई.

एका सकाळी ते पार्काच्या कठड्यावर बसले असताना पेडणेकर आला. हातात डिस्पॅच होता. हात जोडून झाल्यावर तो तसाच उभा राहिला.

"वहिनींचा ह्या खेपेचा वाचलात, सर?"

"वाचलं."

"माका आता महिन्यातून एकदाच देतत. ता पण कोपऱ्यात, गुडघ्याच्या जाहिरातीखाली." पेडणेकरने पान उघडलं. "म्हणजे बरं लिहितात, नाही असं नाही. पण हा तिसरा पॅरा बघा. सैल झालाय."

मनमोहनरावांनी पान हिसकावून घेतलं. चूक सापडते का हे बघायला हा तिसरा पॅरा त्यांनी स्वतः काल दुपारभर उलटापालटा केला होता.

"सैल? कुठे सैल? पेडणेकर, यातला एक शब्द काढून दाखवा. एक!"

पेडणेकर वाकला. बोट ठेवून एकेक शब्दावरून गेला, ओठ हलवत, परत पहिल्यापासून. एका 'द'पाशी त्याचं बोट आशेने घुटमळलं आणि पुढे सरकलं.

"नाय निघत, सर."

"निघणारच नाही!" मनमोहनराव इतक्या जोरात म्हणाले, की समोर क्रिकेटच्या जाळीत बॅट घेऊन उभा असलेला मुलगा वळून बघायला लागला. आपण काय बोललो हे त्यांच्या मग लक्षात आलं. त्यांनी अंकाची नीट घडी घातली.

घडी केलेला अंक पेडणेकरने परत घेतला.

"जळतं, सर," पेडणेकर म्हणाला.

"जळतं खरं," मनमोहनराव म्हणाले, आणि कठड्यावर जरा सरकून त्यांनी त्याला बसायला जागा करून दिली.